काळे दाणे, पांढरे दाणे

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागलं की आंबवडे गाव येतं. नागेश्वराचं देऊळ, झुलता पूल आणि कान्होजी जेध्यांची समाधी पाहायला लोक इथं थांबतात. आषाढात मात्र गावातल्या कुणाला पाहुण्यांकडे बघायला सवड नसते. राबातली रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात उतरायचं आणि अंधार पडेपर्यंत ओणव्यानं लावणी करायची. भोर-वेल्ह्याचा आंबेमोहर ताटात घमघमतो, त्याआधी कित्येक पायांनी दिवसच्या दिवस चिखलात काढलेले असतात.

लावणी सुरू होऊन चार-पाच दिवस झाले की पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फुगते, सोलून निघते आणि खालचं लालभडक मांस उघडं पडतं. दिवसा पाणी थंड असतं म्हणून जाणवत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की आग सुरू होते. मेंदीचा पाला वाटून लावायचा, तेल-हळद लावायची आणि सकाळी परत खाचरात. याला कुणी रोग म्हणत नाही. भिजून मऊ पडलेल्या कातडीत बुरशी आणि जिवाणू शिरतात, हे पुस्तकातलं कारण. लावणी संपली, पाय कोरडे राहायला लागले, की बहुतेकांच्या चिखल्या आपोआप जातात.

गजकर्णाचं तसं नाही. ते वर्षानुवर्षं पिच्छा पुरवतं, आणि त्यावरच्या औषधाचा इतिहास भलताच लांबवर जाऊन पोहोचतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर बांधावर उगवणारा टाकळा मावळात भाजी म्हणून खातात आणि गजकर्णावर वाटून लावतात. संस्कृतात या झुडपाला दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा, असंच नाव आहे. तिकडे गोव्यात आणि मुंबईत एकोणिसाव्या शतकात नायट्यावर एक पिवळसर तपकिरी पूड विकली जाई. तिला गोवा पावडर म्हणत. ती कशाची, हे विकणारे सांगत नसत. मुंबईतले औषधविक्रेते केंप यांनी 1864 मध्ये तिच्याविषयी विलायतेतल्या औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकात लिहिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत उलगडा झाला, की ही पूड ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून येते आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला पोहोचते. तिच्यातलं मुख्य द्रव्य क्रायसोफॅनिक आम्लाशी नात्याचं निघालं. विसाव्या शतकात टाकळ्याचं पृथक्करण झालं तेव्हा बुरशी मारणारं जे द्रव्य हाती आलं, ते नेमकं याच कुळातलं. ब्राझीलचं झाड आणि मावळातला टाकळा यांची ओळखदेख नव्हती. दोन्हीकडच्या लोकांना गुण मात्र सापडला होता.

माणसाला रोग देणाऱ्या सूक्ष्म जिवांची गोष्ट पाश्चर आणि कॉख यांच्यापासून सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. बुरशीच्या बाबतीत ती लागू पडत नाही. बुरशीचे धागे जिवाणूंपेक्षा पुष्कळ जाड. साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत, म्हणून रोगाचं कारण म्हणून आधी तीच पकडली गेली. इटलीत आगोस्टिनो बास्सी यांनी 1835 मध्ये रेशमाच्या किड्यांचा रोग बुरशीनं होतो हे दाखवलं. जर्मन डॉक्टर शोनलाइन यांना 1839 मध्ये डोक्यावरच्या खवड्याच्या एका प्रकारात बुरशी दिसली. पॅरिसमधले डेव्हिड ग्रुबी यांनी 1841 पासूनच्या तीन-चार वर्षांत गजकर्ण आणि तोंड येणं यांमागच्या बुरशींची वर्णनं केली. कॉख यांचं अँथ्रॅक्सवरचं काम 1876 चं आहे. मधल्या पस्तीस-चाळीस वर्षांत सूक्ष्मदर्शक हाताशी असलेल्या डॉक्टराला नव्या रोगात बुरशी शोधावीशी वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

असा एक डॉक्टर 1858 मध्ये मुंबई बंदरात उतरला. हेन्री व्हॅनडाइक कार्टर, वय सव्वीस. वैद्यकाचे विद्यार्थी आजही ज्याचं नाव घेतात त्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची 363 चित्रं याच्या हातची. बाप चित्रकार, मुलगा डॉक्टर. बापाची बोटं मुलात उतरली होती. लाकडी ठोकळ्यावर उलटं चित्र थेट काढायचं कसब त्यानं कमावलं होतं. मजकूर लिहिणाऱ्या हेन्री ग्रे यांनी मात्र मुखपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टरचं नाव लहान टायपात घ्यायला लावलं आणि त्याच्या नावापुढचं पद खोडलं. पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीमागे मिळणाऱ्या पैशांतही त्याला वाटा नव्हता. एकरकमी मानधनावर त्याची बोळवण झाली. पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत होता आणि जे. जे. हॉस्पिटलात काम करत होता. लंडनमध्ये ज्याचं श्रेय कापलं गेलं त्या माणसानं नाव मिळवलं ते इथल्या कापलेल्या पायांवर.

ते पाय कसे होते? तळव्यावर किंवा घोट्याजवळ एक घट्ट गाठ येते. दुखत नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षं तिच्याकडे लक्षच जात नाही. हळूहळू पाऊल सुजतं, तळवा बाहेर फुगतो, बोटं जमिनीवरून उचलली जातात. मग कातडीवर बारीक उंचवटे येतात, त्यांना तोंडं पडतात आणि आतून पाण्यासारखा स्राव झिरपतो. त्या स्रावात दाणे असतात. काही रोग्यांत काळे, बंदुकीच्या दारूच्या कणांसारखे, काहींत पांढरट-पिवळे, क्वचित तांबूस. कापलेलं पाऊल उभं चिरलं की हाडांत पोकळ्या दिसतात आणि त्यांत याच दाण्यांचे गोळे ठासून भरलेले असतात. हाड पोखरलं जातं, स्नायू सडतात, पण शिरा आणि नसा बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतात. माणूस चालत राहतो, औत हाकत राहतो आणि पाय निकामी झाल्यावर दवाखान्यात येतो.

हा आजार नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये वारुळासारखा वाढणारा वल्मीक नावाचा रोग आहे. मदुराईच्या दवाखान्यातल्या जॉन गिल यांनी 1842 मध्ये अशा पायांची नोंद केली, आणि 1846 मध्ये कोलब्रुक यांनी ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ केलं. दाणे सगळ्यांनी पाहिले होते. दाणा म्हणजे काय, हा प्रश्न धसाला लावला कार्टरनं. त्यानं दाणे फोडले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यांत एकमेकांत गुंतलेले धागे पाहिले. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे 1860 मध्ये त्यानं मांडलं, की ही बुरशी आहे आणि रोगाचं कारण तीच आहे. रोगाला ‘मायसेटोमा’ हे नावही त्याचंच. जगभरातल्या वैद्यकीय पुस्तकांत आज हाच शब्द छापला जातो.

1863 मध्ये त्याची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून नेमणूक झाली आणि पुढची नऊ वर्षं तो तिथं राहिला. मुंबईच्या मानानं ही बदली म्हणजे आडबाजूला फेकलं जाणंच. सिव्हिल सर्जनच्या मागे दवाखाना, तुरुंग आणि सरकारी कागद यांचा व्याप असे. संशोधनाला सवड काढावी लागे. पण रोगाचा माग काढायला मुलुख चांगला होता. एका अंगाला महाबळेश्वरचा मुसळधार पाऊस, दुसऱ्या अंगाला माण-खटावची कोरडी, बाभूळबनांची जमीन. नीरेपलीकडे पंतसचिवांचं भोर संस्थान; साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं तेव्हा छत्रपतींच्या ज्या जहागिरी इंग्रजांच्या थेट देखरेखीखाली आल्या त्यांतली ही एक. सगळीकडे शेतकरी अनवाणी. मायसेटोमाला कोरडा, काटेरी मुलुख अधिक मानवतो. आंबवड्यासारख्या पाणथळ भातपट्ट्यापेक्षा देशावरच्या ज्वारी-बाजरीच्या रानात त्याची भीती जास्त. काटा रुततो, कुणी तो उपसून टाकतो, काहींना तर आठवतही नाही. काट्याबरोबर किंवा मातीबरोबर बुरशी आत जाते आणि महिनोन् महिने गप्प राहून पसरते.

कार्टरच्या कामात एक गमतीचा, म्हटलं तर क्लेशाचा, अध्याय आहे. बरणीत ठेवलेल्या एका नमुन्यावर गुलाबी-तांबूस बुरशी वाढली. बटाट्यावरचा करपा बुरशीनं येतो हे ठासून सांगणारे इंग्लंडमधले धर्मोपदेशक-बुरशीतज्ज्ञ एम. जे. बर्कली यांनी तिला कार्टरच्या सन्मानार्थ ‘कायोनायफी कार्टरी’ असं नाव दिलं. अखेर मायसेटोमाची बुरशी हाती लागली, असं वाटलं. पण दुसऱ्या कुणाला ती दाण्यांतून वाढवता येईना. बरणीत बाहेरून पडलेलीच ती बुरशी असावी, असं मत पुढे बळावलं. 1875 मध्ये कलकत्त्याच्या लुइस आणि कनिंगहॅम या जोडीनं अहवाल लिहून कार्टरच्या सिद्धान्तावरच शंका घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1874 मध्ये, कार्टरचा मायसेटोमावरचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला होता. त्यातल्या रंगीत चित्रांत दाण्यांचे रंग आणि हाडातल्या पोकळ्या इतक्या नेमक्या आहेत, की त्यांवरून आजचा डॉक्टरही रोग ओळखील. ज्या बुरशीला त्याचं नाव मिळालं ती खोटी ठरली. ज्या दाण्यांची त्यानं चित्रं काढली ते खरे ठरले.

बुरशी की आणखी काही, या वादात दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर निघाल्या. अल्जीरियात काम करणाऱ्या व्हिन्सेंट यांनी 1894 मध्ये पांढऱ्या दाण्यांतून एक जीव वाढवला. तो धाग्यांसारखा वाढे खरा, पण बुरशीपेक्षा फार बारीक. आज त्याला ‘ॲक्टिनोमॅड्युरा मॅड्युरी’ म्हणतात आणि तो बुरशी नाही, जिवाणू आहे. काळ्या दाण्यांतली बुरशी मात्र खरोखरची बुरशी. तिचं वर्णन 1902 मध्ये लाव्हराँ यांनी केलं आणि 1905 मध्ये ब्रंप्ट यांनी तिला ‘मॅड्युरेला’ या नव्या प्रजातीत घातलं. हे लाव्हराँ म्हणजे हिवतापाचा परोपजीवी 1880 मध्ये शोधणारे तेच. भारतात तो परोपजीवी सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत कार्टर होता. 1880 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत त्यानं त्यावर लिहिलं होतं. 1913 मध्ये पिनॉय यांनी दोन्ही रोगांची कायमची फारकत केली: एक बुरशीचा, दुसरा ॲक्टिनोमायसीट जातीच्या जिवाणूंचा. बाहेरून पाय सारखाच दिसतो.

ही फारकत पंडितांच्या हौसेपुरती नाही. जिवाणूवर प्रतिजैविकं चालतात, बुरशीवर ती पाण्यासारखी वाया जातात. बुरशीवरची औषधं वेगळी, महाग, आणि ती महिनोन् महिने घ्यावी लागतात. कार्टरच्या काळी दोहोंवर उपाय एकच होता, करवत.

साताऱ्यानंतर कार्टर युरोपात गेला, नॉर्वेत कुष्ठरोगाचा अभ्यास केला आणि मुंबईला परतला तो दुष्काळाच्या तोंडावर. 1876 ते 1878 या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले आणि त्यांच्याबरोबर उलटून येणारा एक ताप आला. चार-सहा दिवस ताप, मग उतार, आठवड्यानं परत ताप. गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलात 1877 मध्ये कार्टरनं अशा रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जीव पाहिले. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी पाहिलेले तेच. त्यानं माकडांना रोग्यांचं रक्त टोचून ताप आणून दाखवला आणि 1882 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हा ताप माणसाच्या अंगावरची ऊ पसरवते, हे पंचवीस वर्षांनी, 1907 मध्ये, पर्सी मॅकी यांनी नाशिकच्या साथीत दाखवलं. कार्टर तोवर नव्हता. 1888 मध्ये निवृत्त होऊन तो मायदेशी गेला आणि 1897 मध्ये क्षयानं वारला. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन स्वतःला प्लेगची लस टोचून घेत होते. त्यानंतर इथं सूक्ष्म जीव म्हटलं की प्लेग, पटकी, क्षय यांचाच विचार होऊ लागला. बुरशी मागे पडली ती जवळजवळ अर्धं शतक.

तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं ते पुणे जिल्ह्यातच, पण रुग्णालयात नव्हे, कारखान्यात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, मुख्यतः पेनिसिलिनसाठी. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार होते. मूळचे वनस्पतींवरच्या बुरशींचे अभ्यासक. मातीतले जीव एकमेकांना मारायला कोणती रसायनं सोडतात, ते ते आणि त्यांचे सहकारी शोधत होते. पिंपरीच्याच मातीतून त्यांना स्ट्रेप्टोमायसिस प्रकारचा एक जिवाणू मिळाला. त्याचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना’. त्यानं तयार केलेलं, बुरशी मारणारं द्रव्य 1961 मध्ये प्रसिद्ध झालं: हॅमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून. पाठोपाठ डर्मोस्टॅटिन आलं, पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन आलं.

अशी शोधाशोध जगभर चालू होती. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींना व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतून निस्टॅटिन मिळालं होतं. ॲम्फोटेरिसिन व्हेनेझुएलातल्या मातीतून आलं. हॅमायसिन याच पंगतीतलं. अमेरिकेत खोलवरच्या बुरशीरोगांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. पण पोटातून ते नीट शोषलं जाईना. शेवटी तोंडातल्या, कानातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीवर वरून लावायचं औषध म्हणून ते राहिलं. ॲम्फोटेरिसिननं जग जिंकलं, हॅमायसिन पाठ्यपुस्तकातल्या ओळीपुरतं उरलं. तरी साधनसामग्रीची चणचण असलेल्या नव्या देशानं आपल्या दाराशी असलेली माती चाळून औषध काढावं, ही गोष्ट पेनिसिलिनच्या कारखान्याइतकीच मोठी होती, आणि तिचं कौतुक आपण फारसं केलं नाही.

या कथेतली खरी गंमत अशी. स्ट्रेप्टोमायसिस हा ॲक्टिनोमायसीट. पांढऱ्या दाण्यांचा मायसेटोमा देणारा ॲक्टिनोमॅड्युरा हाही ॲक्टिनोमायसीट. स्ट्रेप्टोमायसिसचीच एक जात, सोमालिएन्सिस, स्वतः मायसेटोमा करते. एकाच मातीत एकाच गोतावळ्यातले जीव. एक पाय खातो, दुसरा औषध देतो.

बुरशींचा शास्त्रशुद्ध सांभाळही पुण्यातच होतो. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि तिथल्या बुरशींच्या संग्रहालयाला एस. एल. अजरेकर या आद्य मराठी बुरशीतज्ज्ञाचं नाव दिलेलं आहे. तरी गावोगावच्या दवाखान्यांत बुरशीचं निदान अजून बरंचसं अंदाजपंचे चालतं, हे 2021 मध्ये उघडं पडलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्र आणि गुजरातला सर्वाधिक गाठलं. लोकांनी त्याला काळी बुरशी म्हटलं. वास्तविक काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटलेलं मांस, बुरशी नव्हे. ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक शहरं पालथी घालत होते आणि त्याच मे महिन्यात वर्ध्यातल्या एका कंपनीत त्याचं उत्पादन घाईनं सुरू करावं लागलं.

दुसरीकडे गजकर्णानंही रूप पालटलं आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या नावानं 2020 मध्ये ओळखल्या गेलेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे हमखास औषध पुष्कळदा चालत नाही. दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमांनी त्यात भर घातली. मलम लावलं की खाज लगेच थांबते; आत बुरशी मजेत पसरते.

मायसेटोमाला जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते 2016 मध्ये, कार्टरच्या निबंधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. या रोगावर वाहिलेलं जगातलं आघाडीचं केंद्र सुदानमध्ये खार्टूमला होतं. तिथल्या यादवीत त्याची धूळधाण झाली. उपचार मात्र आज आहेत. जिवाणूच्या प्रकारात अमिकासिन आणि कोट्रायमॉक्साझोल यांच्या पाळीपाळीच्या उपचारानं बहुतेक पाय वाचतात. बुरशीच्या प्रकारात इट्राकोनाझोल दीर्घकाळ घ्यावं लागतं आणि जोडीला शस्त्रक्रिया; गाठ लहान असताना आलेल्या रोग्याला त्याचा उपयोग सर्वांत जास्त. म्हणून घरातल्या कुणाच्या पायावर न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ असेल तर ती फोडू नका आणि दुकानातलं मलम लावू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. गाठीतून दाणे पडत असतील तर ते काळे आहेत की पांढरे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.